संगीताचे सॉफ्टवेअर : ‘स्टँडर्ड’ घ्यावे की ‘प्रो’?

सोलापूर, प्रतिनिधी : संगीताचे ध्वनिमुद्रण आता मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंपुरते उरलेले नाही. संगणक, साऊंड कार्ड, एक-दोन माइक आणि योग्य सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीवर भजन, भावगीत, गणेशोत्सवाचे गाणे किंवा लघुपटाचे पार्श्वसंगीत घरच्या खोलीत तयार होऊ शकते. मात्र सॉफ्टवेअर विकत घेण्याची वेळ आली, की पहिलाच प्रश्न वाट अडवतो. एकाच नावाच्या सॉफ्टवेअरच्या तीन-चार आवृत्त्या समोर येतात आणि सर्वांत स्वस्त व सर्वांत महाग आवृत्तीच्या किमतीत अनेक पटींचे अंतर असते. हे अंतर नेमके कशाचे आहे, ते कोणी मोजावे आणि कोणाला त्याची गरज नाही, याचा हा ऊहापोह.

आवृत्तीचा क्रमांक वेगळा, दर्जा वेगळा

मराठीत ‘आवृत्ती’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि तेथेच पहिला गोंधळ होतो. क्युबेस १२, क्युबेस १३ हे क्रमांक सॉफ्टवेअर किती नवे आहे ते सांगतात. एलिमेंट्स, आर्टिस्ट, प्रो ही नावे त्यात किती सुविधा खुल्या आहेत ते सांगतात. त्यामुळे ‘नवे म्हणजे अधिक सुविधांचे’ असे समीकरण मांडता येत नाही. जुन्या क्रमांकाच्या प्रो आवृत्तीत जे करता येते, ते नव्या क्रमांकाच्या एलिमेंट्समध्ये करता येईलच असे नाही. खरेदीपूर्वी विक्रेत्याला या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात.

हा भेद आला कोठून?

सुरुवातीच्या काळात व्यावसायिक आणि घरगुती सॉफ्टवेअर यांतील फरक प्रामुख्याने यंत्रसामग्रीचा होता. प्रो टूल्सची एचडी प्रणाली संगणकात बसवायच्या खास कार्डांवर चालत असे. आवाजावरील प्रक्रियेचा भार ती कार्डे उचलत. त्याच सॉफ्टवेअरची एलई ही आवृत्ती छोट्या साऊंड कार्डाबरोबर मिळे, पण तिच्यावर दीर्घकाळ ३२ ट्रॅकची मर्यादा होती. २०१० मध्ये आलेल्या प्रो टूल्स ९ पासून कंपनीचीच यंत्रसामग्री वापरण्याची सक्ती गेली. संगणकच पुरेसे वेगवान झाले होते.

यंत्रांचे कारण संपल्यावर सुविधांची विभागणी हेच आवृत्त्यांमधील अंतर उरले. एका अर्थाने सॉफ्टवेअर एकच असते. त्यातील कोणती दारे उघडी ठेवायची आणि कोणती बंद, हे कंपनी ठरवते. म्हणूनच ही विभागणी कायमची नसते. अॅपलने २००२ मध्ये इमॅजिक ही जर्मन कंपनी घेतली आणि पुढे तिच्या लॉजिकच्या ‘प्रो’ व ‘एक्स्प्रेस’ अशा दोन आवृत्त्या विकल्या. २०११ च्या डिसेंबरात एक्स्प्रेस बंद झाली आणि पूर्ण लॉजिक प्रो १९९ डॉलर ९९ सेंट एवढ्या किमतीत मिळू लागले. स्टाइनबर्गने २०२२ मध्ये क्युबेस १२ आणताना ट्रॅकची मर्यादा व स्वरदुरुस्तीचे साधन या दोन्ही बाबतींत मधल्या आर्टिस्ट आवृत्तीला मोकळीक दिली. तोवर त्यासाठी प्रो घ्यावे लागत असे. काल व्यावसायिकांपुरती असलेली सुविधा आज मधल्या पायरीवर उतरते, हा या बाजाराचा नेहमीचा अनुभव आहे.

आवाजाचा दर्जा बदलतो का?

‘प्रो’ घेतले की आवाज अधिक चांगला येतो, हा सर्वांत मोठा गैरसमज होय. एकाच सॉफ्टवेअरच्या सर्व आवृत्त्यांमध्ये आवाज नोंदवणारी व एकत्र करणारी मूळ यंत्रणा सर्वसाधारणपणे एकच असते. साध्या आवृत्तीत २४ बिट आणि सेकंदाला ४८ हजार नमुने या मापाने घेतलेले गायन आणि त्याच मापाने प्रो आवृत्तीत घेतलेले गायन यांत कानाला जाणवेल असा फरक नसतो. सीडीचे माप १६ बिट व ४४ हजार १०० नमुने एवढे आहे. म्हणजे साधी आवृत्तीसुद्धा सीडीपेक्षा वरच्या मापाने ध्वनिमुद्रण करते.

आवाज बिघडतो तो अन्य कारणांनी. डोक्यावर फिरणारा पंखा, उघड्या भिंतींवरून येणारा घुमारा, चुकीच्या जागी ठेवलेला माइक, हलक्या प्रतीचे साऊंड कार्ड ही ती कारणे होत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून गाणे ही परीक्षाच असते, पण कोणत्याही आवृत्तीपेक्षा त्याचा परिणाम अधिक असतो. तेव्हा मर्यादित पैशांत आधी माइक, साऊंड कार्ड व खोलीची व्यवस्था आणि मगच सॉफ्टवेअरची वरची पायरी, हा क्रम योग्य ठरतो.

फरक कशात असतो?

पहिला फरक ट्रॅकच्या संख्येचा. प्रत्येक आवाज स्वतंत्रपणे नोंदवण्याच्या पट्टीला ट्रॅक म्हणतात. आपल्याकडच्या भजनाचा हिशेब मांडून पाहू. मुख्य गायकाचा १, साथीच्या कोरसचे २, हार्मोनियमचे २, पखवाजाचे २, तबल्याचे २, टाळ-चिपळ्यांचा १ आणि तानपुऱ्याचा १ असे एकूण ११ ट्रॅक होतात. आठ ट्रॅकची मोफत आवृत्ती येथे अपुरी पडते. सोळा ट्रॅकची प्राथमिक आवृत्ती मात्र पुरते.

आता सोलापूरच्या परिस्थितीचा विचार करू. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा येथे नांदतात. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातील कन्नड वचनकार होते. एकच चाल मराठी, कन्नड व तेलुगू अशा तीन भाषांत गाऊन घ्यायची असेल, तर साथसंगतीचे ८ ट्रॅक तेच राहतात, पण गायन व कोरसचे प्रत्येक भाषेसाठी ३ प्रमाणे ९ ट्रॅक होतात. बेरीज १७ होते आणि सोळाची मर्यादा एका ट्रॅकने ओलांडली जाते. दोन माइक एका स्टीरिओ ट्रॅकवर घेऊन ही अडचण टाळता येते, परंतु मग पखवाजाच्या दोन बाजूंचा समतोल स्वतंत्रपणे राखणे अवघड होते. मर्यादा कोठे टोचते, हे असे आपल्या कामाचा हिशेब मांडूनच कळते.

दुसरा फरक एका वेळी किती माइक जोडता येतात याचा. गायक व वादक एकत्र बसून वाजवणार असतील, तर ट्रॅकइतकेच हे महत्त्वाचे. प्रो टूल्स आर्टिस्ट १६ आणि स्टुडिओ ६४ मार्ग हाताळते. क्युबेसच्या एलिमेंट्समध्ये २४, तर प्रोमध्ये २५६ मार्ग आहेत. अर्थात साऊंड कार्डालाच दोन माइकची सोय असेल, तर कितीही महाग आवृत्ती तिसरा माइक जोडू शकत नाही.

तिसरा फरक ध्वनिसंग्रहाचा. वाद्यांचे तयार आवाज, ठेके, इफेक्ट यांचा साठा वरच्या आवृत्तीत मोठा असतो. अनेकदा किमतीतील वाढ मुख्यतः याच साठ्याची असते. त्यात पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि इलेक्ट्रॉनिक आवाज यांचाच भरणा असतो. पखवाज, हलगी, संबळ, टाळ स्वतः वाजवून घेणाऱ्यांना त्याचा उपयोग कमीच.

चौथा फरक चित्रपट व भोवतालच्या ध्वनीचा. चित्रपटगृहासाठीचा ५.१ किंवा डॉल्बी अॅटमॉस स्वरूपाचा ध्वनी तयार करण्याची सोय बहुधा वरच्या आवृत्त्यांतच असते. क्युबेस प्रो, प्रो टूल्स स्टुडिओ व लॉजिक प्रो यांत ती आहे.

पाचवा फरक देवाणघेवाणीचा. साध्या आवृत्तीतील काम वरच्या आवृत्तीत सहज उघडते. उलट दिशेने मात्र जादा ट्रॅक व सुविधा निष्क्रिय होतात. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओबरोबर फायलींची नित्य ये-जा असणाऱ्यांना म्हणूनच समोरच्याची आवृत्ती विचारावी लागते. मोठ्या कामांत हे अपरिहार्य आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ या २०१६ च्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. इतक्या विस्ताराच्या वाद्यवृंदासाठी अनेक माइक, शेकडो ट्रॅक आणि दोन देशांतील स्टुडिओंना सारखेच उघडता येणारे साधन लागते. व्यावसायिक आवृत्त्या खरे तर अशाच कामांसाठी घडवलेल्या आहेत.

मींड, गमक आणि स्वरदुरुस्ती

आपल्या संगीताच्या दृष्टीने आवृत्तीचा प्रश्न सर्वाधिक कळीचा ठरतो तो स्वरदुरुस्तीत. गायकाचा किंचित ढळलेला स्वर नंतर जागेवर आणणारी साधने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहेत. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आले. स्वर झटकन जवळच्या पट्टीवर ओढण्याची त्याची रीत पाश्चात्त्य पॉप गाण्याला मानवते. मींडेत मात्र दोन स्वरांमधील प्रवासच गाणे असतो. त्यातील प्रत्येक क्षण जवळच्या स्वरावर ओढला, तर मींडेच्या पायऱ्या होतात आणि गमक सपाट होते.

मेलोडाइन या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांवरून हे नीट समजते. त्याच्या इसेन्शियल, असिस्टंट, एडिटर आणि स्टुडिओ अशा चार पायऱ्या आहेत. इसेन्शियलमध्ये स्वराची जागा व वेळ बदलता येते. स्वरातील आंदोलन आणि स्वराचे हळूहळू सरकणे ही दोन अंगे स्वतंत्रपणे हाताळण्याची साधने असिस्टंटपासून मिळतात. म्हणजे आंदोलन जसेच्या तसे ठेवून केवळ स्वराचा मध्य जागेवर आणायचा आणि सरकणेही तपासायचे, हे नाजूक काम करणाऱ्याला दुसरी पायरी लागते. एकाच ध्वनिमुद्रणात एकत्र वाजलेले अनेक स्वर सुटे करण्याची सोय एडिटरपासून आहे. एकट्या गायकाच्या भजनासाठी तिची गरज नसते. अर्थात सर्वांत स्वस्त व सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ती ओळ पुन्हा गाऊन घेणे. तो कोणत्याही आवृत्तीत उपलब्ध आहे.

मुख्य सॉफ्टवेअर एका दृष्टिक्षेपात

एबलटन लाइव्ह : लाइट ही आवृत्ती साऊंड कार्ड वा की-बोर्डसोबत मिळते व तिच्यात ८ ट्रॅक असतात. इंट्रोमध्ये १६ ट्रॅक आहेत. स्टँडर्डमध्ये ट्रॅकवर मर्यादा नाही. ‘स्टँडर्ड’ हे येथे मधल्या पायरीचे नाव आहे, हे लक्षात ठेवावे. स्वीटमध्ये मोठा ध्वनिसंग्रह आणि स्वतःची साधने घडवण्याची मॅक्स फॉर लाइव्ह ही सोय मिळते. २०२४ मध्ये आलेल्या लाइव्ह १२ ने बारा समान स्वरांपलीकडच्या स्वरमेळांची सोय दिली आहे. श्रुतींचा अभ्यास करणाऱ्यांनी ती पाहण्यासारखी आहे.

क्युबेस : एलई व एआय या आवृत्त्या यंत्रांसोबत येतात. विकत घेण्यासाठी एलिमेंट्स, आर्टिस्ट व प्रो आहेत. एलिमेंट्समध्ये ध्वनीचे ४८ ट्रॅक मिळतात. घरगुती स्टुडिओच्या बहुतेक कामांना एवढे पुरते.

प्रो टूल्स : इंट्रो ही आवृत्ती मोफत असून तिच्यात ध्वनीचे ८ ट्रॅक मिळतात. आर्टिस्टमध्ये ३२, स्टुडिओमध्ये ५१२ आणि अल्टिमेटमध्ये २०४८ ट्रॅक आहेत. चित्रपट व दूरचित्रवाणीच्या स्टुडिओंत ही प्रणाली सर्वत्र चालते.

एफएल स्टुडिओ : १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स या नावाने सुरू झालेले हे बेल्जियमचे सॉफ्टवेअर ठेके रचणाऱ्यांचे आवडते आहे. फ्रूटी, प्रोड्यूसर, सिग्नेचर आणि ऑल प्लगइन्स या त्याच्या पायऱ्या. सर्वांत खालच्या फ्रूटी आवृत्तीत अनेक वर्षे माइकवरून गायन नोंदवून ते मांडण्याची सोय नव्हती. ती प्रोड्यूसरपासून मिळे. गायकांनी खरेदीपूर्वी हा मुद्दा कंपनीच्या तुलनातक्त्यात आवर्जून तपासावा. एकदा घेतलेल्या आवृत्तीच्या पुढील सुधारणा कायम विनामूल्य मिळतात, ही त्याची जमेची बाजू.

लॉजिक प्रो व गॅरेजबँड : मॅक संगणक असणाऱ्यांना २००४ पासूनचे गॅरेजबँड हे मोफत साधन उपलब्ध आहे. त्यातील काम पुढे लॉजिक प्रोमध्ये उघडता येते. विंडोजवर ही दोन्ही चालत नाहीत.

रीपर : येथे साधी व व्यावसायिक असा सुविधांचा भेदच नाही. सॉफ्टवेअर एक, परवाने दोन. वैयक्तिक वापरासाठी, तसेच वर्षाची एकूण व्यावसायिक उलाढाल २० हजार डॉलरपर्यंत असणाऱ्यांसाठी ६० डॉलर, त्यापुढे २२५ डॉलर. प्रथम ६० दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. छोट्या स्टुडिओंनी याचा विचार अवश्य करावा.

ऑडॅसिटी : २००० पासून मोफत मिळणारे हे सॉफ्टवेअर कीर्तन-प्रवचन नोंदवणे, कापणे व स्वच्छ करणे यांसाठी पुरेसे आहे.

परवाना आणि कायदा

‘प्रो’ची किंमत पाहून काही जण कुलूप तोडलेली फुकट प्रत शोधतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कैद माफ करू शकते व ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. पैसे घेऊन ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टुडिओला ही सवलत नाही. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकात व्हायरस शिरण्याचा धोका असतो, आणि त्यात ग्राहकांचे काम गमावले तर भरपाई कोण करणार?

कायदेशीर बचतीचे मार्ग अनेक आहेत. विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या शैक्षणिक आवृत्त्या असतात. मात्र व्यवसायासाठी त्या चालतात का, हे परवान्यात वाचून घ्यावे. साऊंड कार्डासोबत आलेल्या छोट्या आवृत्तीवरून वरच्या आवृत्तीत जाण्यासाठी बहुधा सवलतीची किंमत असते. त्यामुळे आधी लहान आवृत्ती घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे नव्हे. किमतीचा विचार करताना डॉलरचा दर, १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि एकदाच खरेदी की वार्षिक वर्गणी, या तीन गोष्टी पाहाव्यात.

जुने सॉफ्टवेअर हातबदलाने घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. क्युबेस ११ पर्यंतच्या आर्टिस्ट व प्रो आवृत्त्यांना यूएसबीची किल्ली लागत असे. १२ पासून ती गेली आणि तिच्यामागची ई-लायसेन्सर सेवा कंपनीने २०२५ मध्ये बंद केली. केवळ किल्ली हातात आहे म्हणून परवाना चालेलच, असे आता समजता येत नाही.

कंपनीच थांबली तर?

‘प्रो’ म्हणजे कायमचे, असेही नाही. केकवॉकच्या सोनार या सॉफ्टवेअरचे काम २०१७ मध्ये गिब्सन या मूळ कंपनीने थांबवले. २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन विनामूल्य दिले, म्हणून वापरकर्ते वाचले. पाश्चात्त्य स्वरलेखनाचे फिनाले हे तीन दशकांहून अधिक जुने सॉफ्टवेअर २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले.

यावर उपाय सोपा आहे. काम पूर्ण झाले, की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढून ठेवावा. अशा फायली कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. जागेचा हिशेबही फार नाही. २४ बिट व ४८ हजार नमुन्यांच्या मापाने एका मोनो ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट लागतात. वर मांडलेल्या ११ ट्रॅकच्या भजनाचा तासाभराचा कार्यक्रम सुमारे ५.७ गिगाबाइटमध्ये मावतो. वयोवृद्ध भजनी मंडळींचे, गोंधळ्यांचे वा शाहिरांचे गाणे जपून ठेवू इच्छिणाऱ्यांनी ही सवय न चुकता लावून घ्यावी. तो आवाज पुन्हा मिळणार नाही, सॉफ्टवेअर मात्र दुसरे मिळेल.

कोणी काय घ्यावे?

शिकणाऱ्यांनी आणि रियाज नोंदवणाऱ्यांनी मोफत साधनांपासून किंवा साऊंड कार्डासोबत आलेल्या आवृत्तीपासून सुरुवात करावी. भजनी मंडळे, सुगम संगीताचे गायक व लघुपटकर्ते यांना प्राथमिक वा मधली आवृत्ती पुरते. इतरांची गाणी पैसे घेऊन ध्वनिमुद्रित करणाऱ्यांनी मधली आवृत्ती आणि स्वरदुरुस्तीचे दुसऱ्या पायरीचे साधन घ्यावे. ‘प्रो’ची गरज खऱ्या अर्थाने तिघांना असते. चित्रपटगृहासाठी ध्वनी तयार करणारे, मोठ्या स्टुडिओंशी नित्य फायली बदलणारे आणि एका वेळी अनेक वादक नोंदवणारे हे ते तिघे होत.

खरेदीपूर्वी कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. माझ्या सर्वांत मोठ्या कामात किती ट्रॅक लागतात? एका वेळी किती माइक लागतात? माझे काम पुढे कोणाकडे जाते? यातून मला पैसे मिळतात का? ही उत्तरे कंपनीच्या तुलनातक्त्याशी ताडून पाहावीत आणि चाचणी आवृत्तीवर एक गाणे पूर्ण करून पाहावे. त्या गाण्यात एखादी मर्यादा प्रत्यक्ष आड आली, तरच वरच्या पायरीचे पैसे मोजावेत.